धमनीला टाका घालणारा

एखाद्या तान्ह्या बाळावर यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली, की पुढचे काही दिवस अतिदक्षता विभागात एक गोष्ट नेमाने घडते. सोनोग्राफीचे यंत्र बाळाच्या पलंगाजवळ आणले जाते, इवल्याशा पोटावर थंड जेली लावली जाते आणि डॉपलर तंत्राने नव्या यकृतातील रक्तप्रवाहाचा कानोसा घेतला जातो. धमनीचा ठोका लागला, की खोलीतील सर्वांचे चेहरे सैलावतात. लागला नाही, तर बाळाला बहुधा पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते आणि तो निर्णय काही तासांच्या आत घ्यावा लागतो. आईने किंवा वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिलेला असतो, कित्येक तासांची शस्त्रक्रिया पार पडलेली असते, परक्या अवयवाला होणारा शरीराचा विरोध औषधांनी आवरलेला असतो. पण हा सारा डोलारा दोन-तीन मिलिमीटरच्या, क्वचित त्याहूनही बारीक अशा एका नळीच्या सांध्यावर उभा असतो. तो सांधा रक्ताच्या गुठळीने बंद झाला, तर बाकीच्या यशाला अर्थ राहत नाही.

पित्तनलिका जन्मतःच बंद असणे हे तान्ह्या मुलांमध्ये यकृत बदलावे लागण्याचे जगभरातील सर्वांत मोठे कारण आहे. मुंबई-पुण्यातील रुग्णालयांतूनही आज अशी बाळे नवे यकृत घेऊन घरी जातात. त्यांच्या आई-वडिलांना शल्यचिकित्सकाचे नाव आयुष्यभर लक्षात राहते. पण एका रक्तवाहिनीला दुसरी रक्तवाहिनी शिवून जोडण्याची भरवशाची रीत ज्या माणसाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बसवून दिली, त्याचे नाव त्यांच्या कानावर येण्याचे कारण नाही. ॲलेक्सिस कॅरेल हे ते नाव. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. असे असूनही ज्या शहरात ते शिकले, त्या शहराने पुढे वैद्यकीय विद्याशाखेच्या दारावरून त्यांचे नाव उतरवले. हे असे का घडले, ते त्यांचे आयुष्य पाहिल्याशिवाय कळत नाही.

२४ जून १८९४ ची संध्याकाळ. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लियाँ शहरातील प्रदर्शनाच्या निमित्ताने तेथे आले होते. मेजवानी आटोपून उघड्या बग्गीतून ते नाट्यगृहाकडे निघाले असताना कासेरियो नावाचा एक तरुण इटालियन अराज्यवादी गर्दीतून पुढे झाला आणि वर्तमानपत्राच्या गुंडाळीत लपवलेला खंजीर त्याने राष्ट्राध्यक्षांच्या पोटात खुपसला. शहरातील नामवंत शल्यचिकित्सक धावून आले. खंजिराचे पाते यकृतातून आत शिरले होते आणि आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर, म्हणजे पोर्टल व्हेन, त्याने कापली होती. त्या काळी अशा शिरेला टाका घालता येतो, असे कोणी मानत नव्हते. जखमेत कापडाचे बोळे भरण्यापलीकडे काही करता आले नाही. मध्यरात्र उलटून थोडा वेळ गेला आणि कार्नो यांची प्राणज्योत मालवली.

या मृत्यूने फ्रान्स हादरला. लियाँच्या रुग्णालयांत उमेदवारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याला मात्र शोकापेक्षा संतापच अधिक आला. त्याचा एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. कापडाला टाका घालता येतो, कातड्याला घालता येतो, आतड्यालाही घालता येऊ लागला आहे, मग शिरेलाच का नाही, असा त्याचा सवाल होता. शीर शिवता आली असती तर राष्ट्राध्यक्ष वाचले असते, हे त्याने उघडपणे बोलून दाखवले. एका विद्यार्थ्याने शहरातील बड्या धेंडांविषयी असे बोलणे कितपत रुचले असेल, याची कल्पना करता येते.

कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी लियाँच्या शेजारच्या सेंत-फ्वा या गावी झाला. वडील कापडाच्या धंद्यातले. मुलगा लहान असतानाच ते वारले आणि मुलाने पुढे वडिलांचेच ॲलेक्सिस हे नाव लावले. आईने धार्मिक वळणाच्या घरात त्याला वाढवले. शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झाले. लियाँ हे त्या काळी युरोपातील रेशमाचे माहेरघर होते. माग, रंगाऱ्यांचे कारखाने, किनखाप, चर्चच्या वस्त्रांवरील सोनेरी भरतकाम यांवर शहराचा संसार चाले. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात लियाँला जे स्थान मिळाले, त्यात या रेशमाचा वाटा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

कारण रक्तवाहिनी शिवायची तर आधी हात तयार हवा, हे कॅरेल यांनी ओळखले. शल्यचिकित्सेचे प्राध्यापक तो तयार करून देऊ शकत नव्हते. तेव्हा ते मादाम लेरूदिए या लियाँमधील नामांकित भरतकाम करणाऱ्या बाईंकडे शिकायला गेले. एका भावी डॉक्टरने भरतकामाची शिकवणी लावावी, ही गोष्ट आजही गमतीची वाटते. त्या काळी तर ती चेष्टेचाच विषय झाली असणार. कॅरेल मात्र अतिशय चिकाटीने शिकले. कागदावर दोन्ही बाजूंनी टाका दिसू नये इतक्या सफाईने शिवण्याचा सराव त्यांनी केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. रुग्णालयातील सुया रक्तवाहिनीसाठी जाड पडत, म्हणून भरतकामाच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी अत्यंत बारीक सुया आणि तलम रेशमी धागा मिळवला. सुई आणि धागा दोन्हींना ते व्हॅसलीन लावत. त्यामुळे भोक लहान पडे, धागा न ओरबाडता सरके आणि खरखरीत पृष्ठभागावर रक्त गोठण्याचा धोका कमी होई.

येथे थोडे थांबून अडचण नेमकी काय होती ते पाहायला हवे, कारण तान्ह्या बाळाच्या यकृताची धमनी जोडताना आजही अडचण तीच असते. रक्तवाहिनीच्या आतील अस्तर जोवर गुळगुळीत आहे, तोवर रक्त वाहते राहते. अस्तराला चिमटा बसला, बाहेरच्या थराचा एखादा धागा आत डोकावला किंवा सांध्याशी नळी अरुंद झाली, की तेथे गुठळी धरू लागते. नळी जितकी बारीक, तितकी चुकीला जागा कमी. आधीच्या संशोधकांनी काचेच्या नळ्या, हस्तिदंती कडी, मॅग्नेशियमची वलये असे नाना उपाय करून पाहिले होते. कॅरेल यांचे वरिष्ठ माथ्यू जाबुले यांनी १८९६ मध्ये रक्तवाहिनीच्या कडा बाहेरच्या बाजूला उलटवून त्या शिवण्याची रीत सुचवली. दिशा बरोबर होती. तरीही सांधे बंद पडत.

दुसरी अडचण भूमितीची होती. कापलेली रक्तवाहिनी म्हणजे एक लिबलिबीत वर्तुळ. त्याच्या समोरच्या कडेला टाका घालायला जावे तर सुई मागच्या भिंतीत अडकते. धागा ताणावा तर पिशवीच्या नाडीप्रमाणे तोंड आवळले जाते. कॅरेल यांनी यावर काढलेला तोडगा इतका साधा आहे, की तो आधी कोणाला सुचला नाही याचेच नवल वाटते. दोन्ही तोंडांच्या कडांवर सारख्या अंतरावर तीन आधाराचे टाके घालायचे आणि सहायकाने ते तीन दिशांना हलकेच ओढून धरायचे. वर्तुळाचा त्रिकोण होतो. त्रिकोणाच्या तीन सरळ बाजू, ताणलेल्या कापडाला कड घालावी तशा, एकामागून एक शिवून टाकायच्या. मागची भिंत सुईच्या वाटेतून आपोआप दूर राहते आणि ताण सोडला की सांधा पुन्हा गोल होतो. १९०२ मध्ये लियाँच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. रक्तवाहिन्या जोडता आल्या, की अख्खे अवयव बदलता येतील, हा विचार त्या लेखाच्या मथळ्यातच होता. वय होते अठ्ठावीस-एकोणतीस.

रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. त्याचा शोध १९१६ मधला आणि रुग्णांवरील वापर त्याहून वीसेक वर्षांनंतरचा. म्हणजे कॅरेल यांच्या हाती गुठळीविरुद्ध औषध असे काहीच नव्हते. होती ती स्वच्छता, हलका हात आणि व्हॅसलीन.

खरे तर आता लियाँने या तरुणाला डोक्यावर घ्यायला हवे होते. घडले भलतेच. त्याच १९०२ साली कॅरेल रुग्णांच्या यात्रेबरोबर डॉक्टर म्हणून लूर्दला गेले. क्षयाने पोट फुगलेली, मरणाच्या दारी असलेली एक तरुणी तेथे त्यांच्या डोळ्यांदेखत काही तासांत सुधारली. हा चमत्कार आहे असे त्यांनी म्हटले नाही. आपण जे पाहिले त्याचा उलगडा होत नाही आणि तो नाकारताही येत नाही, एवढाच त्यांचा सूर होता. श्रद्धाळूंना तो कोरडा वाटला, तर चर्चविरोधी वारे वाहत असलेल्या वैद्यकीय वर्तुळाला तो भाबडेपणा वाटला. शल्यचिकित्सकाच्या पदासाठीच्या स्पर्धा परीक्षेत त्यांना अपयश आले आणि लियाँमध्ये आपल्याला भवितव्य नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांचा फटकळ, मानी स्वभावही याला कारणीभूत असावा. १९०४ मध्ये ते फ्रान्स सोडून कॅनडातील मॉन्ट्रिअलला गेले आणि तेथून त्याच वर्षी शिकागोला.

शिकागो विद्यापीठाच्या शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेत त्यांना चार्ल्स गथ्री हा अमेरिकी सहकारी मिळाला. या दोघांनी दोनेक वर्षांत जे काम केले, ते पाहून आजही थक्क व्हायला होते. कुत्र्यांवर आणि मांजरांवर त्यांनी शिरा धमन्यांच्या जागी बसवल्या, मूत्रपिंडे, थायरॉइड ग्रंथी काढून पुन्हा जोडल्या आणि निबंधांमागून निबंध प्रसिद्ध केले. शिरेचा तुकडा धमनीच्या जागी बसवला तर तो तेथील दाब सोसतो, हे त्यांनी दाखवले. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत पायाची शीर वापरतात, त्याचे मूळ या प्रयोगांत आहे. पुढे पारितोषिक आले ते एकट्या कॅरेल यांच्या नावावर. गथ्री यांना त्याची खंत वाटली आणि ती अकारण होती, असे म्हणता येणार नाही.

१९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे संचालक सायमन फ्लेक्सनर यांनी कॅरेल यांना आपल्याकडे घेतले. तेथेच, मार्च १९०८ मध्ये, ती घटना घडली.

न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक एड्रियन लॅम्बर्ट यांच्या घरी मुलगी जन्मली होती. जन्मानंतर काही दिवसांतच तिच्या शरीरातून रक्तस्राव सुरू झाला. तो थांबेना. मूल पांढरेफटक पडत चालले. नवजात अर्भकांमधील हा आजार तेव्हा डॉक्टरांना माहीत होता, पण त्यावर इलाज नव्हता. आज ज्याला के जीवनसत्त्वाच्या अभावाचा रक्तस्राव म्हणतात, त्यातलाच तो प्रकार असावा. हल्ली प्रसूतिगृहात प्रत्येक बाळाला जन्मतःच के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात, ते यासाठीच. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांनाही हे जीवनसत्त्व आतड्यातून नीट शोषता येत नाही आणि त्यांतील काहींचा आजार पहिल्यांदा लक्षात येतो तो अशाच रक्तस्रावामुळे.

बाळाला रक्त देणे हा एकच मार्ग दिसत होता. पण बाटलीत रक्त साठवण्याची सोय तेव्हा नव्हती. शरीराबाहेर ते काही मिनिटांत गोठे. रुग्णाच्या रक्तवाहिनीला दात्याची रक्तवाहिनी थेट जोडायला हवी होती आणि इतक्या लहान शिरेवर ते करू शकेल असा माणूस शहरात एकच होता. मध्यरात्रीनंतर कॅरेल यांना झोपेतून उठवण्यात आले. त्यांनी तोवर हे काम जनावरांवरच केले होते आणि न्यूयॉर्कमध्ये रुग्णांवर उपचार करण्याचा परवानाही त्यांच्याकडे नव्हता. तरीही ते गेले.

शस्त्रक्रिया घरातच झाली. वडिलांना टेबलावर निजवले, बाळाला त्यांच्याशेजारी. वडिलांच्या डाव्या मनगटाजवळची धमनी मोकळी केली. बाळाच्या गुडघ्यामागची शीर शोधली. ती ओल्या शेवईसारखी, हात लावला तर फाटेल अशी. बाळाला भूल दिली नव्हती. ती सोसण्याची ताकदच त्याच्यात उरली नव्हती. कॅरेल यांनी त्या दोन असमान तोंडांना टाके घालून त्यांचा एक मार्ग केला आणि वडिलांचे रक्त मुलीच्या शरीरात वाहू लागले. किती रक्त गेले हे मोजण्याचे साधन नव्हते. मापक होता तो बाळाचा रंग. आधी कानाच्या पाळ्या, मग ओठ गुलाबी झाले, मग सारे अंग लाल दिसू लागले, तेव्हा प्रवाह थांबवण्यात आला. रक्तगटांचा शोध लागून काही वर्षे झाली होती, पण तपासणीची पद्धत रूढ झाली नव्हती. त्या रात्री दैवानेही साथ दिली. रक्तस्राव थांबला. मुलगी जगली आणि मोठी झाली.

तान्ह्या बाळाच्या रक्तवाहिनीवर घातलेला तो टाका फक्त काही मिनिटे टिकायचा होता. काम झाल्यावर शीर बांधून टाकायची होती. यकृत प्रत्यारोपणातला टाका जन्मभर टिकावा लागतो, एवढाच काय तो फरक. पण हा फरक फार मोठा आहे.

दरम्यान, प्रयोगशाळेत कॅरेल एका भिंतीशी येऊन थांबले होते. एखाद्या प्राण्याचे मूत्रपिंड काढून त्यालाच पुन्हा बसवले, तर ते वर्षानुवर्षे काम करी. तेच दुसऱ्या प्राण्याचे बसवले, तर सांधे उत्तम असूनही काही दिवसांत निकामी होई. म्हणजे शिवणकामाचा प्रश्न सुटला होता आणि त्यामागे आणखी एक प्रश्न उभा होता. शरीर परके ओळखते, हे कॅरेल यांनी नोंदवून ठेवले. त्याचे उत्तर मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. अवयवाच्या बारीक धमनीचे तोंड शिवण्याऐवजी ती ज्या महाधमनीतून फुटते, तिचा चकतीएवढा तुकडा धमनीसकट कापून घ्यावा आणि त्या चकतीची कड शिवावी, म्हणजे बारीक तोंडाला सुई लागतच नाही, ही युक्तीही त्यांचीच. शल्यचिकित्सक त्या तुकड्याला आजही कॅरेल पॅच म्हणतात. रक्तवाहिन्यांची शिवण आणि अवयव प्रत्यारोपण यांवरील कामासाठी १९१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते.

पुढच्या काळातील प्रसिद्धी मोठी, पण तिच्यातला टिकाऊ भाग त्या मानाने थोडा. पहिल्या महायुद्धात कंपिएन्य येथील लष्करी रुग्णालयात त्यांनी रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन यांच्यासह जखमा धुण्याची जी पद्धत बसवली, तिने असंख्य सैनिकांचे हातपाय वाचवले. हे श्रेय निर्विवाद आहे. कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील पेशी त्यांनी १९१२ पासून काचेच्या बशीत जिवंत ठेवल्या आणि त्या अमर आहेत, अशी दवंडी जगभर पिटली गेली. ती त्यांच्या मृत्यूनंतरही, १९४६ पर्यंत, चालू राहिली. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी सामान्य पेशी ठरावीक वेळाच विभागतात हे दाखवले आणि कॅरेल यांच्या बशीत खाद्याबरोबर नव्या पेशी पडत असाव्यात, असा तर्क बळावला. एकट्याने अटलांटिक ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्यासोबत त्यांनी शरीराबाहेर अवयव जिवंत ठेवणारा काचेचा पंप तयार केला, तो १९३५ मध्ये.

त्याच वर्षी त्यांचे ‘मॅन, द अननोन’ हे पुस्तक आले. त्याच्या लाखो प्रती खपल्या, अनेक भाषांत भाषांतरे झाली. माणसाविषयीचे आपले ज्ञान तुकड्यातुकड्यांचे आहे, या विचारापासून सुरू होणारे हे पुस्तक पुढे ज्या वळणाने जाते, ते वाचताना अंगावर काटा येतो. दुबळी, आजारी, सदोष मुले पूर्वी निसर्गक्रमाने मरत. वैद्यक आणि स्वच्छता यांनी ती जगू लागली आणि त्यामुळे वंशाचा ऱ्हास होतो, असे कॅरेल यांचे प्रतिपादन होते. सशक्तांनी सशक्तांशी विवाह करून श्रेष्ठांची एक पिढी घडवावी, असे त्यांनी सुचवले. काही प्रकारचे गुन्हेगार आणि गुन्हे करणारे मनोरुग्ण यांना योग्य वायूची सोय असलेल्या संस्थांत संपवावे, असेही या पुस्तकात आहे. जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत नाझी राजवटीच्या अशाच उपायांबद्दल त्यांनी अनुकूल शब्द लिहिले. सुप्रजननाचे असे विचार त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात अनेक विद्वान बाळगून होते, हे खरे आहे. पण ते अनेक विद्वान रक्तस्रावाने पांढऱ्या पडलेल्या अर्भकाच्या शिरेवर रात्री टाके घालून आलेले नव्हते. आपल्याच हाताने काय केले हे कॅरेल यांना आठवले नाही, की आठवूनही त्याचा अर्थ त्यांनी निराळा लावला, याचा उलगडा त्यांचे चरित्र वाचून होत नाही.

रॉकफेलर संस्थेच्या नियमाप्रमाणे पासष्टीनंतर त्यांना निवृत्त व्हावे लागले. १९४१ मध्ये ते फ्रान्सला परतले, तेव्हा देशाचा अर्धाअधिक भाग जर्मनांच्या टाचेखाली होता आणि उरलेल्याचा कारभार मार्शल पेतां यांचे व्हिशी सरकार पाहत होते. त्या सरकारने कॅरेल यांच्यासाठी मानवी प्रश्नांच्या अभ्यासाची एक संस्था स्थापन केली. पोषण, घरे, बालकांचे आरोग्य, लोकसंख्या यांवर तेथे काम झाले. युद्धानंतर फ्रान्सची लोकसंख्या अभ्याससंस्था तिच्याच पायावर उभी राहिली. पण ज्या सरकारने ज्यूंना पकडून देण्यात हात दिला, त्याच्याच छत्राखाली ही संस्था चालली, ही गोष्ट काही पुसली जात नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले आणि कॅरेल यांना पदावरून दूर करण्यात आले. हृदयविकाराने ते आधीच खंगले होते. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. देहाचे दफन ब्रिटनी किनाऱ्याजवळच्या सें-जिल्दा या त्यांच्या लहानशा बेटावर झाले. लियाँतील वैद्यकीय विद्याशाखेला १९६९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले होते. पुस्तकातील मजकुरावर वाद पेटल्यानंतर १९९६ मध्ये ते बदलून स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांचे नाव तेथे लावण्यात आले.

नाव गेले, टाका मात्र राहिला. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी माणसावरील पहिले यकृत प्रत्यारोपण केले, ते पित्तनलिका बंद असलेल्या एका तीन वर्षांच्या मुलावर. रक्तस्राव आवरला नाही आणि मूल शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावले. १९६७ मध्ये स्टार्झल यांनी नवे यकृत दिलेली एक चिमुरडी वर्षभराहून अधिक काळ जगली, तेव्हा हे शक्य आहे असे जगाला पटले. सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० च्या दशकात हाती आले आणि कॅरेल ज्या भिंतीशी थांबले होते, ती ओलांडली गेली. १९८९ पासून जिवंत दात्याच्या यकृताचा भाग मुलांना बसवणेही साध्य झाले.

मग पुन्हा प्रश्न उभा राहिला तो टाक्याचाच. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. पोर्टल शीर सुमारे तीन चतुर्थांश रक्त आणते, उरलेले धमनी आणते. पण पित्तनलिका जगतात त्या धमनीवरच. म्हणून पहिल्या दिवसांत धमनीत गुठळी झाली, की यकृताचा भाग मरतो किंवा पित्तनलिका कुजून तेथे पू होतो आणि प्रसंगी दुसरे यकृत शोधावे लागते. हा धोका मोठ्यांपेक्षा तान्ह्या मुलांमध्ये अधिक, कारण नळीच मुळात बारीक. १९९० च्या दशकाच्या आरंभी जपानमधील क्योटोच्या शल्यचिकित्सकांनी मुलांच्या धमनीचा सांधा सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने शिवायला सुरुवात केली आणि हा मार्ग अनेक देशांनी उचलला. शस्त्रक्रियेनंतर हेपॅरिन, मग ॲस्पिरिन देतात. रक्त फार दाट होऊ नये म्हणून बाळाला हवे त्यापेक्षा अधिक रक्त चढवत नाहीत; कॅरेल यांना बाळाचा रंग पाहून प्रवाह थांबवावा लागला होता, येथे तपासणीतील आकडा पाहून हात आखडता घेतात. आणि रोज डॉपलर. ठोका हरवला तर पोट पुन्हा उघडून गुठळी काढायची आणि सांधा नव्याने घालायचा. वेळेत लक्षात आले तर यकृत वाचते.

कॅरेल यांना पडली नसेल अशी एक अडचण मात्र येथे आहे. बाळ वाढते. सलग धाग्याने गच्च शिवलेला पोर्टल शिरेचा सांधा वाढत्या शरीरात कमरेला बांधलेल्या दोऱ्यासारखा आवळत जातो. त्यातून पित्तनलिकेच्या आजारात ही शीर बहुधा आधीच आक्रसलेली असते. म्हणून काही जण धाग्याची गाठ मुद्दाम सैल ठेवतात, जेणेकरून रक्ताच्या दाबाने सांधा फुलेल; काही जण सुटे टाके घालतात. एवढे करूनही काही मुलांची शीर महिन्यांनी, वर्षांनी अरुंद होते. मूल शाळेत जात असते, खेळत असते आणि तपासणीत प्लीहा वाढलेली किंवा रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या आढळतात. कधी रक्ताची उलटी होते तेव्हाच कळते. अशा वेळी त्वचेतून यकृतात सुई घालून अरुंद जागी फुगा नेतात व तो फुगवतात. गरज पडली तर तेथे जाळीची नळी बसवतात.

शीर पूर्ण बंद झाली असेल, तर आणखी एक शस्त्रक्रिया उरते. मुलाच्याच मानेतील एक शीर काढून घेतात. तिचे एक टोक आतड्याकडून येणाऱ्या शिरेला आणि दुसरे यकृताच्या डाव्या भागातील शिरेला शिवतात आणि बंद पडलेल्या वाटेला वळसा घालून रक्त पुन्हा यकृतात नेतात. त्यासाठी दोन सांधे घालावे लागतात. त्यानंतर पुन्हा तेच, पोटावर थंड जेली आणि डॉपलर.